बायकोच्या जन्मदाखल्यावर नाव नाही. नेदरलँड्सला कसं जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातून आइंडहोव्हनला नोकरी मिळाली आहे, तीन महिन्यांत रुजू व्हायचं आहे, बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत येणार आहेत. बायकोचा जन्म तिच्या आजोळी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात झाला. तिथल्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. लग्नाची नोंदणी केलेलीच नाही, फक्त कार्यालयात गुरुजींनी दिलेला दाखला आहे. लेकीच्या दाखल्यावर तुमच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं आहे. लग्नात बायकोचं नाव बदललं, पण पासपोर्ट माहेरच्याच नावाने आहे. त्यातच एजंटने तुमच्या दोघांच्या डिग्र्यांसकट अकरा कागदांच्या अपोस्टीलचं, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणाऱ्या सरकारी प्रमाणनाचं, कोटेशन पाठवलंय आणि ‘आधी बायकोचा जन्मदाखला सुधारा, नाहीतर व्हिसा विसरा’ असं सांगितलंय. तुम्ही दर शनिवारी गाडी काढून गावी जाताय आणि ग्रामसेवक भेटत नाहीत.

तुमची खरी अडचण जन्मदाखल्याची नाहीच. कोणतं ऑफिस कोणता कागद कधी मागणार आहे, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही, त्यामुळे सगळेच कागद सारख्याच घाईचे वाटू लागलेत. परदेशी निघालेल्या कुटुंबांची कागदपत्रं तयार करून देणं हे माझं कित्येक वर्षांचं काम आहे. लोकांचा सगळ्यात जास्त वेळ मी इथेच वाया जाताना पाहतो. नंतर लागणाऱ्या कागदामागे महिना जातो आणि आधी लागणारा कागद तसाच पडून राहतो.

तुमच्या बाबतीत परदेशातली दोन ऑफिसं महत्त्वाची आहेत. पहिलं आयएनडी, म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं. तुम्ही उच्चकुशल कामगार म्हणून जाताय, त्यामुळे अर्ज तुमची कंपनीच तिथून करते आणि कुटुंबाचे अर्जही सोबत जोडता येतात. आयएनडीला दोनच नाती सिद्ध करून हवी असतात: ही माझी बायको, ही माझी मुलगी. त्यासाठी लागतो विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला, दोन्हींवर अपोस्टील. बायकोचा जन्मदाखला या टप्प्यावर लागत नाही.

दुसरं ऑफिस म्हणजे खेमेंते, तिथली नगरपालिका. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोहोचल्यावर पाच दिवसांत तिथे नोंद करायची असते. त्याच नोंदीतून बीएसएन नावाचा क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावाचून पगार, बँक, आरोग्य विमा सगळंच अडतं. खेमेंतेला प्रत्येकाचा जन्मदाखला हवा असतो, तुमचा आणि बायकोचाही. म्हणजे तुम्ही ज्या कागदासाठी शनिवार घालवताय, तो विमानात बसल्यानंतर लागणार आहे. तो नको असं मी म्हणत नाही. फक्त त्याच्यासाठी बाकी काही थांबवू नका.

तेव्हा सुरुवात लग्नाच्या नोंदणीने. गुरुजींचा दाखला कितीही छान छापलेला असला तरी त्यावर अपोस्टील होत नाही, कारण तो सरकारी नोंदीतून आलेला नसतो. आपल्याकडे १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते. उशिराचा दंड किरकोळ आहे. दोघांपैकी कुणीही ज्या हद्दीत राहतं तिथल्या निबंधकाकडे जायचं. पुण्यात असाल तर तुमच्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात. नमुना ‘ड’चा अर्ज, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि गुरुजींचा तपशील व सही. गुरुजी हयात नसतील किंवा सापडत नसतील तर काय करायचं, हे प्रत्येक कार्यालय थोडं वेगळं सांगतं. बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर भागतं, पण आधी खिडकीवर विचारा. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोंदवायला कुणी सुचवलं तर नको म्हणा. त्यात तीस दिवसांची नोटीस असते आणि तुम्हाला तिची काहीच गरज नाही.

हा अर्ज भरतानाच तुमच्या नावबदलाच्या प्रश्नाचाही निकाल लागतो. बायकोचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, माहेरच्या नावाने लिहा. पत्रिकेवर सासरचं नवं नाव छापलेलं असलं तरी बिघडत नाही. वधूचं लग्नापूर्वीचं नाव हाच विवाह दाखल्याचा आधार असतो. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव घरात लाडाने वापरा, या अर्जात त्याला आणू नका.

आणि हो, पासपोर्ट बदलू नका. तुमच्या मावशींनी ‘नवऱ्याचं आडनाव नसेल तर तिकडे बायको मानत नाहीत’ असं सांगितलं म्हणता. तसं काही नाही. डच कायद्यात लग्नानंतरही बाईचं अधिकृत आडनाव जन्माचंच राहतं, त्यामुळे तिथल्या कारकुनाला त्यात वावगं वाटत नाही. उलट पासपोर्ट आता सासरच्या नावाने केलात तर जन्मदाखल्यावर नावच नाही, दहावीच्या सर्टिफिकेटवर एक आणि पासपोर्टवर दुसरंच, अशी साखळी तयार होईल. मग ती जोडायला राजपत्रात नावबदल छापून आणा, त्याचंही अपोस्टील करा. माहेरचं नाव पासपोर्टवर राहिलेलं असणं ही तुमच्या फाइलमधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ज्यांचं पहिलं नावही बदललंय आणि पासपोर्टही नव्या नावाने आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना राजपत्राशिवाय गत्यंतर नसतं.

जाता जाता पासपोर्टबद्दल एक सांगून ठेवतो, कारण तिथे गेल्यावर याचेच फोन येतात. आपण ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं लिहितो. डच यंत्रणा ती दोन्ही तुमचीच नावं समजते. बायकोच्या रेसिडन्स कार्डावर तिच्या नावाला जोडून तिच्या वडिलांचं नाव आलं तर ती छपाईची चूक नाही. ते बदलून घ्यायला जाऊ नका. बँक, विमा, डॉक्टर सगळीकडे तेच नाव चालू द्या.

आता लेकीचा दाखला. तुमच्या पासपोर्टवर आजोबांचं नाव ‘डब्ल्यू’ने आणि तिच्या दाखल्यावर ‘व्ही’ने आहे, म्हणजे विश्वनाथ एकच, इंग्रजी दोन. इथल्या कुणालाही त्यात फरक दिसणार नाही. तिथे बसलेला माणूस मात्र अक्षरं जुळवतो, त्याला ‘व’ माहीत नाही. हे दुरुस्त करून घ्या, असंच मी सांगेन, कारण मुलगी तुमची आहे याचा तिकडे हा एकच पुरावा जाणार आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ खाली निबंधक अशी दुरुस्ती करू शकतो. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची सही-तारखेसह नोंद करतात. महापालिकेत जाताना दोघांचे पासपोर्ट, प्रतिज्ञापत्र आणि हॉस्पिटलचं पत्र घेऊन जा. पुष्कळदा स्पेलिंग हॉस्पिटलने पाठवलेल्या फॉर्ममध्येच चुकलेलं असतं आणि मग महापालिका ‘आधी त्यांच्याकडून आणा’ म्हणते. तो हेलपाटा आधीच वाचवा. आणि दुरुस्ती झाल्यावर नवी प्रत घ्या, जुनी फिरवत बसू नका.

उलट बायकोच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तिच्या आईचं नाव दाखल्यापेक्षा वेगळं लिहिलं गेलंय, असंही तुम्ही लिहिलंय. ते तसंच राहू द्या. ते पान परदेशात सहसा कुणी वाचत नाही. मी प्रत्येक फरकाला हाच प्रश्न विचारतो: या कागदावर कोणतं नातं किंवा कुणाची ओळख टेकलेली आहे? टेकलेली असेल तर दुरुस्ती, नसेल तर सोडून द्यायचं. सगळं शंभर टक्के जुळवायला गेलात तर तीन महिने कागदांतच जातील आणि शेवटी एखादा स्वल्पविराम राहिलेलाच असेल.

एजंट अशा फरकांवर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून देतात. इथल्या बँकेत ते चालतं. परदेशात त्याचं वजन फार कमी असतं, कारण ते तुम्हीच तुमच्याबद्दल सांगितलेलं असतं. निबंधकाने दुरुस्त केलेल्या एका ओळीला जी किंमत आहे, ती अशा चार प्रतिज्ञापत्रांना नाही.

मग ‘मुलगी’ लिहिलेल्या दाखल्याचं काय? यात थोडं नशीब आहे आणि थोडा तालुका. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे माणूस वाढतो कराडला आणि त्याची नोंद असते आईच्या माहेरच्या गावी. नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते आणि दाखला तिथूनच मिळतो, पुण्यातून काही होणार नाही. बारशाच्या आधी जन्माची वर्दी दिली जायची, नंतर नाव कळवायला कुणी जायचं नाही, म्हणून जुन्या दाखल्यांवर नाव नसतं. कायद्याच्या कलम १४ खाली ते नंतर घालता येतं, पण नियमाप्रमाणे नोंदणीपासून पंधरा वर्षांच्या आत. तुमची बायको ती मुदत केव्हाच ओलांडून गेली आहे. मात्र शासन मधूनमधून परिपत्रक काढून जुन्या नोंदींना मुदतवाढ देतं. तुमच्या पंचायत समितीत पहिला प्रश्न हाच विचारा: सध्या अशी मुदतवाढ चालू आहे का? असेल तर दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे कागद देऊन नाव लागतं. शनिवारी जाऊ नका. ग्रामसेवकांकडे बहुधा एकाहून जास्त गावं असतात आणि ते कोणत्या वारी कुठे बसतात हे गावातल्या किराणा दुकानदारालाही माहीत असतं. फोन करून वार विचारा, सासऱ्यांना किंवा मेव्हण्याला अधिकारपत्र देऊन पाठवा.

मुदतवाढ नसेल तर घाबरू नका. नावाविना असलेल्या दाखल्यावरही जन्मतारीख, गाव, आईवडिलांची नावं असतात. त्याची ताजी प्रत घेऊन अपोस्टील करा आणि पासपोर्टसोबत खेमेंतेत द्या. अमुक खेमेंते ते घेईलच, असं मी छातीठोक सांगणार नाही. एकाच शहरातले दोन कारकून दोन गोष्टी सांगतात. पण डच कायद्यात नोंदीसाठी कागदांची उतरंड ठरवलेली आहे: जन्मदाखला नसेल तर पुढचा कागद, तोही नसेल तर शपथेवरचं निवेदन. म्हणजे दार बंद नाही, थोडं वाकून जावं लागेल इतकंच. आइंडहोव्हनला परदेशी कामगारांसाठी वेगळं एक्स्पॅट सेंटर आहे आणि आयएनडी व खेमेंतेची कामं तिथे एकत्र होऊ शकतात. कंपनीच्या एचआरला सांगून तिथे आधीच ईमेल करायला लावा, दाखल्याचा स्कॅन जोडा आणि त्यांचं उत्तर छापून जवळ ठेवा.

ज्यांची नोंदच सापडत नाही त्यांनी थेट ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला मागण्याआधी तहसील कार्यालयात जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींची वही, बघायला सांगावं. विशेषतः आईवडिलांना पुढे बोलवायचं असेल तेव्हा. त्या जाडजूड वह्यांत मी मोडीत लिहिलेल्या नोंदीही सापडलेल्या पाहिल्या आहेत.

आता अपोस्टील. क्रम असा: निबंधकाचा दाखला, त्यावर राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांमार्फतच द्यावे लागतात आणि त्या संस्थांची नावं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. अपोस्टीलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे. त्यावर संस्थेचा सेवाआकार आणि कुरिअर. तुमच्या कोटेशनमधला आकडा याच्या कित्येक पट आहे, तो एजंटच्या धावपळीचा आहे. धावपळीचे पैसे घेणं गैर नाही, मीही घेतो. पण कशाचे देतोय हे तुम्हाला कळायला हवं. स्टिकर लागून आला की त्यावरचा क्रमांक संकेतस्थळावर तपासा. बनावट स्टिकर बाजारात आहेत.

कागद पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, लॅमिनेशन. आपण प्रेमाने दाखला प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवतो आणि मग त्यावर शिक्का बसत नाही. असा दाखला असेल तर सोलत बसू नका, नवी प्रत काढा. दोन, भाषा. डच अधिकारी डच, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच कागद घेतात. महापालिकेचे दाखले दोन्ही भाषांत असतात, पण ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर छापील मजकूर दोन भाषांत आणि हाताने भरलेला फक्त मराठीत, असं सर्रास असतं. तिथेच उभं राहून इंग्रजी रकाने भरून मागा. नाहीच जमलं तर अनुवाद नेदरलँड्समधल्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्या, कारण इथे केलेल्या अनुवादावर पुन्हा वेगळं अपोस्टील लागतं. तीन, पासपोर्टची मुदत. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. लेकीचा लगेच संपत असेल तर कंपनीने अर्ज टाकण्याआधी नवा काढा. अर्ज मध्यावर असताना पासपोर्ट क्रमांक बदलला की पत्रव्यवहार वाढतो.

डिग्र्यांचं अपोस्टील मात्र खुशाल रद्द करा. उच्चकुशल कामगाराचा परवाना पगाराच्या किमान मर्यादेवर आणि कंपनीच्या मान्यतेवर मिळतो, आयएनडीला त्यासाठी पदवी दाखवावी लागत नाही. ब्लू कार्ड या युरोपीय संघाच्या परवान्याचा मार्ग वेगळा, तिथे पदवी किंवा काही पेशांत अनुभव दाखवावा लागतो. तुमचा परवाना नक्की कोणता हे एचआरकडून लेखी घ्या. बायको नर्सिंग किंवा शिक्षणासारख्या नोंदणी लागणाऱ्या पेशात असेल तर तिची डिग्री पुढे लागेल, तेव्हा बघता येईल. तुमच्या परवान्यावर आलेल्या जोडीदाराला तिथे वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते, हे तिला आत्ताच सांगा. बऱ्याच जणींना हे तिथे पोहोचल्यावर कळतं आणि मधले महिने उगाच धास्तीत जातात.

तुमच्या मित्राने जर्मनीचा अनुभव सांगितला म्हणता. त्याचं त्याच्या जागी बरोबर असेल, तुम्हाला उपयोग नाही. भारत अपोस्टीलच्या करारात २००५ पासून आहे, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे आपलं अपोस्टील तिथे चालत नाही, त्यांची स्वतःची पडताळणी असते. दुबईला वकिलातीचा शिक्का लागतो, कारण अमिराती त्या करारात नाही. कॅनडा २०२४ च्या जानेवारीत करारात आला, म्हणजे त्याआधी गेलेल्या माणसाचा सल्लाही आता जुना झाला. देश तोच, परवाना तोच आणि गेल्या वर्षभरातला अनुभव असेल तरच ऐका.

तर या आठवड्यात विवाह नोंदणीची वेळ घ्या आणि त्याच दिवशी महापालिकेत लेकीची दुरुस्ती टाका. ते दोन दाखले आणि तुमचा स्वतःचा जन्मदाखला एकाच खेपेत अपोस्टीलला पाठवा. स्कॅन आले की एचआरला द्या. अर्ज मान्य झाल्यावर एमव्हीव्हीचा, म्हणजे तिथे राहायला जाण्याच्या व्हिसाचा, स्टिकर पासपोर्टवर घ्यायला तीन महिन्यांची मुदत असते. बायकोचा दाखला या सगळ्याच्या बाजूने चालू द्या. तुम्ही रुजू होईपर्यंत नाहीच झाला तर मेव्हणा मागून कुरिअरने पाठवेल.

उरलेल्या दोन गोष्टी. लेकीच्या डॉक्टरांकडून लसींची नोंद तारखांसह इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी घ्या. बीसीजीची तारीख त्यात असू द्या, कारण आपल्याला तिथे पोहोचल्यावर क्षयरोगाची तपासणी करावी लागते. आणि ड्रायव्हिंग लायसन्स. तिथे नोंद झाल्यापासून ते १८५ दिवसच चालतं. परदेशातून आलेल्या कुशल कामगारांसाठीची ‘तीस टक्के’ करसवलत मिळालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना परीक्षा न देता ते डच लायसन्सात बदलून मिळतं. तुम्हाला ती सवलत मिळणार का, हे एचआरला विचारा आणि मिळणार असेल तर दोघांच्या लायसन्सची मुदत आजच काढून बघा. संपत आलं असेल तर आरटीओचं काम निघण्यापूर्वी उरका, तिथून ते फार वेळखाऊ होतं.

दाखल्याचा फोटो टाकणार असाल तर नावं आणि नोंदणी क्रमांक झाकून टाका. इंग्रजी रकाने भरलेत की नाही, एवढंच मला बघायचंय.